डाग नेमका कुठं आहे?

(बारामतीत तरुणांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रांनो, मैत्रिणींनो, संयोजकांनी मला सांगितलं, "संगणकाविषयी काहीतरी उपयोगाचं बोला." माझ्याआधी बोलून गेलेले सगळे शिकलेले, मोठ्या पदांवरचे. मी दुरुस्तीवाला माणूस. वीसेक वर्षं बारामतीत एका गाळ्यात बसून लोकांचे संगणक उघडतोय. म्हणून मोठा विषय घेत नाही. आज एकाच तक्रारीवर बोलणार आहे. ती तक्रार म्हणजे, "स्क्रीनवर डाग दिसतोय."

ऐकायला किती साधी! संगणक सुरूच होत नाही, फाईल उडाली, पासवर्ड विसरलो, यापुढं डाग म्हणजे काहीच नाही. पण माझ्या धंद्यात या तक्रारीनं मला जितकं तोंडघशी पाडलं तितकं दुसऱ्या कशानंच नाही. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली माझ्या उमेदवारीतली, दुसरी इंदापूर तालुक्यातल्या एका बागेतली आणि तिसरी माझ्या घरातली. तिसरी सांगावी की नाही, याचा काल रात्री बराच विचार केला. सांगणार आहे.

पहिली गोष्ट २००३ ची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. मी बारामतीत एका सायबर कॅफेत कामाला होतो. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे डब्बा मॉनिटर. पाठीमागं मोठं पोट, उचलायला दोन माणसं. एक गिऱ्हाईक आपला संगणक रिक्षात घालून घेऊन आलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा मोठा डाग पडला होता. मी पाहिलं आणि लगेच म्हणालो, "व्हायरस आहे." त्या काळात कशालाही व्हायरस म्हणायची पद्धत होती. मी संगणक फॉरमॅट केला. त्या माणसाच्या मुलीचे फोटो, दुकानाचा हिशोब, सगळं पुसलं गेलं. वर पैसेही घेतले. आमच्याकडं मॉनिटर लावून पाहिला तर डाग फिका वाटला. मला वाटलं, जमलं! दोन दिवसांनी तो माणूस परत आला. डाग जागच्या जागी होता.

मग आमच्या मालकांनी मला त्याच्या घरी पाठवलं. टेबलावर मॉनिटरला चिकटून एक मोठा स्पीकर ठेवलेला. मालक म्हणाले होते, "आधी आजूबाजूला बघ, मग आत बघ." स्पीकर उचलून चार हात लांब ठेवला. मॉनिटरच्या मेनूत 'डीगॉस' नावाचा पर्याय होता, तो दाबला. मॉनिटर 'धुम्म' करून थरथरला आणि डाग गेला.

कारण सोपं होतं. डब्बा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचे झोत मागून येऊन काचेच्या आतल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर पडतात. काचेच्या आत बारीक भोकांची धातूची जाळी असते. प्रत्येक झोत आपापल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा म्हणून ती असते. स्पीकरमध्ये चुंबक असतं. त्यानं झोत वाकतो आणि हळूहळू ती जाळीही चुंबकासारखी वागायला लागते. मग लालचा झोत हिरव्यावर जातो आणि रंग बिघडतात. डीगॉस म्हणजे त्या जाळीतलं चुंबकत्व घालवणं. यात व्हायरसचा काय संबंध? काहीच नाही. मी एका माणसाच्या मुलीचे फोटो फुकट पुसले. तो चांगला माणूस होता, भांडला नाही. पण त्या दिवसापासून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. डाग *कशामुळं* आहे हे बोलायच्या आधी डाग *कुठं* आहे ते शोधायचं.

आता हे 'कुठं' कसं शोधायचं ते सांगतो. वहीत लिहून घ्या, पैसे वाचतील.

सगळ्यात आधी मॉनिटर बंद करा आणि बाजूनं उजेड पाडून काचेकडं बघा. निम्मे डाग तिथंच सापडतात. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की हवेत काजळी असते. फडात पाचट जाळलं की काळे तुकडे उडत घरात येतात. ते बोटानं पुसायला जाल तर पट्टा उमटेल. मऊ, कोरडं, सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं घ्या आणि हलक्या हातानं पुसा. गरज पडली तर फडकं किंचित ओलं करा. पाणी स्क्रीनवर कधीच शिंपडू नका. ते ओघळून खालच्या पट्टीत शिरतं आणि मग खरंच कायमचा डाग पडतो. खिडकीच्या काचा पुसायचं औषध, रॉकेल, सॅनिटायझर, यांतलं काही लावू नका. स्क्रीनवर बारीक थर असतो, तो उतरतो.

पुसून गेला नाही, तर दुसरी पायरी. स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून तिथं उघडा. संगणक जे चित्र तयार करतो त्याचा स्क्रीनशॉट येतो. काचेवर काय दिसतंय याचा येत नाही. डाग मोबाइलवरही दिसला तर दोष बहुधा संगणकाच्या आत आहे, म्हणजे त्या फाईलमध्ये, ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डमध्ये. मोबाइलवर दिसला नाही तर दोष बहुधा त्याच्या पुढं आहे, म्हणजे केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये. मी 'बहुधा' म्हणतोय, कारण काही वेळा ग्राफिक्स कार्डचा बिघाडही स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. म्हणून एका चाचणीवर थांबायचं नाही.

तिसरी पायरी. जी खिडकी उघडी आहे ती माउसनं धरून सरकवा. डाग खिडकीबरोबर सरकला तर तो चित्रात आहे. जागचा हलला नाही तर तो चित्रात नाही.

चौथी पायरी मला सगळ्यात आवडते. मॉनिटरची संगणकाकडं जाणारी केबल काढून टाका. वीज चालू ठेवा. मॉनिटर स्वतःहून 'सिग्नल नाही' असं काहीतरी लिहून दाखवतो. बटण दाबलं तर त्याचा स्वतःचा मेनूही येतो. आता संगणकाचा काही संबंध उरला नाही. तरीही डाग आहे? मग तो मॉनिटरमध्ये आहे. संगणक निर्दोष सुटला. डाग गेला? मग केबल किंवा संगणक. तेव्हा दुसरी केबल लावून बघा. पण एका वेळी एकच वस्तू बदलायची. केबल, मॉनिटर, पोर्ट असं सगळं एकदम बदललं आणि डाग गेला, तर कशामुळं गेला ते कळणार नाही. उद्या परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

डाग मॉनिटरमध्येच आहे असं ठरलं, की त्याचा आकार बघायचा. आजच्या फुल एचडी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ६२ लाखांच्या वर दिवे समजा. त्यातला एखादा कायमचा बंद पडतो, तेव्हा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. एखादा कायमचा चालू राहतो, तेव्हा काळ्या पडद्यावर लाल किंवा हिरवा ठिपका चमकतो. कंपन्यांनी हे गृहीतच धरलेलं असतं. २००१ च्या आयएसओ मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनलला दर दहा लाख ठिपक्यांमागं दोन पूर्ण उजळ, दोन पूर्ण काळे आणि पाच अर्धवट बिघडलेले ठिपके चालतात असं धरलं होतं. म्हणून नवा मॉनिटर घेताना दुकानातच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे पडदे लावून बघा. घरी आल्यावर भांडण करण्यापेक्षा ते बरं.

ढगासारखा पांढरट डाग असेल तर तो ठिपक्यांचा नसतो. पॅनलच्या मागं उजेड पसरवणारे पातळ कागदासारखे पडदे असतात. कुणी अंगठ्यानं दाबलं, प्रवासात काही टेकलं, की ते दबतात आणि तिथं उजेड जास्त किंवा कमी येतो. त्याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

ही सगळी रीत मी शोधलेली नाही. फार जुनी आहे. १६११ मध्ये जर्मनीतल्या इंगोल्स्टाट गावी क्रिस्तोफ शायनर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला दुर्बिणीतून सूर्यावर डाग दिसले. तो ख्रिस्ती धर्मगुरूही होता. सूर्यावर डाग असतील हे त्या काळी लोकांना पटण्यासारखं नव्हतं. शायनरनं काय केलं? डाग डोळ्यात आहे का, म्हणून इतर माणसांना बघायला लावलं. डाग दुर्बिणीच्या काचेत आहे का, म्हणून आठ वेगवेगळ्या दुर्बिणी लावून पाहिल्या. डाग सगळ्यांना, सगळ्यांतून दिसले. म्हणजे डोळा सुटला, दुर्बीण सुटली. माझ्या केबल बदलण्याची ही चारशे वर्षांपूर्वीची आवृत्ती! पण पुढं तो घसरला. सूर्य निष्कलंकच असला पाहिजे असं त्याच्या मनात होतं. म्हणून तो म्हणाला, हे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह असतील. गॅलिलिओनं १६१३ मध्ये छापलेल्या पत्रांत दाखवून दिलं, की डाग सूर्यावरच आहेत. ते कडेला गेले की चपटे दिसतात, आकार बदलतात, विरून जातात. शायनरनंही नंतर ते मान्य केलं आणि पुढं सूर्यावरच्या डागांवरच जाडजूड ग्रंथ लिहिला. मला त्याचं हे मान्य करणं मोठं वाटतं.

आता दुसरी गोष्ट. बारामतीहून इंदापूरला पालखी मार्गानं गेलात तर भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे करत निमगाव केतकी लागतं. त्या पट्ट्यात डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागा आहेत. तिथल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. बागेतच घर, मुलगा बारावीला, त्याच्यासाठी संगणक घेतलेला. म्हणाले, "स्क्रीनवर काळा डाग आहे आणि तो चालतो."

मी हसलो. डाग कुठं चालतो का? पण पहिल्या गोष्टीनं शहाणा झालो होतो, म्हणून गेलो. मॉनिटरच्या मागं काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची लटकत होती आणि शेजारी एक ताबीजही. घरातल्या आजींनी दोन्ही बाजूंनी बंदोबस्त करून ठेवला होता. शेजारीपाजारी म्हणत होते, पोराच्या अभ्यासाला नजर लागली. मी काही बोललो नाही. आजींना विचारून दोन्ही हळूच बाजूला ठेवलं.

पडद्यावर पांढरं पान लावलं. तीळ चिरून दोन भाग केले तर त्यातला एक जेवढा होईल तेवढा बारीक, लांबट काळा डाग. काच पुसली, गेला नाही. स्क्रीनशॉट घेतला, त्यात नाही. केबल काढली, तरी आहे. म्हणजे मॉनिटरच्या आत. मग मी मोबाइलवर फोटो काढला आणि चहा प्यायला बसलो. दहा मिनिटांनी दुसरा फोटो काढला. डाग दोन बोटं डावीकडं गेलेला! बंद पडलेला ठिपका जागा सोडत नाही. दबलेला पडदा जागा सोडत नाही. म्हणजे हे काहीतरी जिवंत आहे. एवढं मला कळलं, पण काय ते कळेना.

ते शेतकऱ्यानं ओळखलं. मी मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "अहो, हा तर फुलकिडा!"

शेतकऱ्यांच्या घरातली मुलं इथं असतील, त्यांना सांगायला नको. डाळिंब, द्राक्ष, कांदा, मिरची, सगळ्यांवर फुलकिडे येतात. जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा जीव. शेतकरी फुलोरा पांढऱ्या कागदावर झटकतात आणि कागदावर किती पळतात ते मोजतात. त्या घरात पांढरा, उजळ मॉनिटर हा तसाच कागद झाला होता. बागेत त्यांनीच निळे चिकट सापळे लावले होते, कारण फुलकिडे निळ्या रंगाकडं ओढले जातात. संध्याकाळी खिडकी उघडी, आत दिवा बंद, फक्त स्क्रीन उजळलेली. किडा कडेच्या फटीतून आत गेला आणि काच व मागचे पडदे यांच्यामध्ये फिरत राहिला. माझ्याकडं रीत होती, पण उत्तर त्यांच्याकडं होतं.

उपाय काय केला? काहीच न करणं हा उपाय. मॉनिटर बंद केला, खोलीत अंधार केला आणि मॉनिटरच्या कडेला बाहेरून एक दिवा लावून ठेवला. उजेडाच्या ओढीनं आत गेलेला किडा उजेडाच्याच ओढीनं बाहेर येण्याची शक्यता असते. सकाळपर्यंत डाग गेला होता. पण कोपऱ्यात अजून एक बारीक डाग होता, तो हलत नव्हता. मुलगा खाली बघत म्हणाला, "तो मी अंगठ्यानं दाबला होता, पहिल्या दिवशी." आत चिरडलेला किडा बाहेर येत नाही. पॅनल पूर्ण उघडल्याशिवाय तो निघणार नाही आणि उघडताना धूळ शिरून डाग वाढण्याचीच भीती जास्त. तो डाग आजही त्या स्क्रीनवर आहे. म्हणून लक्षात ठेवा, चालणारा डाग दिसला तर दाबू नका. धीर धरा.

निघताना आजींनी विचारलं, "म्हंजी नजर न्हवती?" मी म्हणालो, "आजी, किडा होता." आजी म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं की." त्यांचं बरोबर होतं. कुणी आधी बघितलंच नव्हतं.

आता तिसरी गोष्ट.

माझे अब्बा इंदापूरला राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर मीच त्यांना एक संगणक जोडून दिला. मोहल्ल्यातल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं, कुणाचा दाखल्याचा अर्ज टाइप करणं, लग्नासाठी बायोडेटा करून देणं, हे त्यांचं सकाळचं काम. पैसे घेत नाहीत. पंधरा वर्षांपासून त्यांना साखरेचा त्रास आहे. गोळ्या घेतात, पण डोळे कधी तपासले नव्हते. दिसतंय ना, मग कशाला, असं आम्हा सगळ्यांचंच म्हणणं.

एक दिवस त्यांचा फोन आला. घरी आम्ही दखनीत बोलतो, इथं मराठीत सांगतो. म्हणाले, "बाळा, स्क्रीनवर काळे ठिपके येतायत. कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी." मी दुकानात गर्दीत होतो. म्हणालो, "अब्बा, फडक्यानं पुसा." आठवड्यानं पुन्हा फोन. मी इंदापूरला जाणाऱ्या एका पोराबरोबर नवी केबल पाठवली. केबल बदलली. अब्बा म्हणाले, "अजून आहेत." मी म्हणालो, मॉनिटर जुना झालाय. दुसरा मॉनिटर पाठवला. चांगला, जवळजवळ नवा. अब्बांनी दोन दिवस वापरून फोन केला, "बाळा, यातही आहेत."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अब्बा, तुमचं वय झालंय. तुम्हाला भास होतोय."

ते काही बोलले नाहीत. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी ठिपक्यांचा विषय काढला नाही.

मित्रांनो, तुम्ही आत्ताच माझ्याकडून रीत ऐकलीत. आता तुम्हीच सांगा. काच पुसली, डाग आहे. केबल बदलली, डाग आहे. मॉनिटर बदलला, डाग आहे. एका वेळी एकच वस्तू बदलली, अगदी नियमाप्रमाणं. मग न बदललेलं काय उरलं? बघणारा डोळा! चाचणी पूर्ण झाली होती, उत्तर समोर होतं. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या मला ते वाचता आलं नाही, कारण समोर गिऱ्हाईक नव्हतं, माझे अब्बा होते.

तीनेक आठवड्यांनी ते कामासाठी बारामतीला आले. दुकानात बाकावर बसले. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं बघत अगदी सहज म्हणाले, "तुझ्या भिंतीवरपण आहेत रे." माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. मी त्यांना उजवा डोळा झाकायला सांगितला. म्हणाले, "गेले." डावा झाकायला सांगितला. म्हणाले, "आले. आणि मधे लालसर धुकं आहे."

तशीच गाडी काढली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, तिथून पुण्याला. साखरेमुळं डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या तयार झाल्या होत्या. त्यातली एक फुटून रक्त डोळ्याच्या आत पसरलं होतं. ठिपके, जाळं, धुकं म्हणजे त्या रक्ताची सावली. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती, पण तिथं वेळेत लेसर करता आलं. इंजेक्शनं झाली, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा वाचला. उजव्यानं आता त्यांना माणूस उभा आहे एवढं कळतं, अक्षर वाचता येत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. "आधी आला असता तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले. किती आधी, ते मी विचारलं नाही. मला ते माहीत होतं. पहिल्या फोनपासून पाच आठवडे झाले होते.

म्हणून इथं बसलेल्या प्रत्येकानं हे ऐकून जावं. डोळ्यातला डाग ओळखायला यंत्र लागत नाही. स्क्रीनवरून नजर उचलून पांढऱ्या भिंतीकडं किंवा आभाळाकडं बघा. डाग तिथंही आला, नजर फिरवली की तोही फिरला, तर तो स्क्रीनवर नाही. मग एकेक डोळा झाकून बघा. आता घाबरून जाऊ नका. वय वाढलं की डोळ्यातला घट्ट पारदर्शक द्रव आकसतो, त्यात बारीक तंतू होतात, त्यांची सावली पडते. असे एखाद-दोन तरंगते ठिपके बहुतेकांना कधी ना कधी दिसतात आणि ते निरुपद्रवी असतात. पण अचानक खूप ठिपके आले, विजेसारखे लखलखाट दिसले, कडेनं पडदा सरकल्यासारखं झालं किंवा धुकं आलं, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. उद्या नाही. आणि घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून आतला पडदा तपासून घ्यायचा. सुरुवातीला हा आजार काहीच जाणवू देत नाही. ठिपके दिसायला लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो.

हजारेक वर्षांपूर्वी हसन इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टीवर 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा तिसरा भाग अख्खा दृष्टीच्या चुकांवर आहे. बघणाऱ्याकडूनही चूक होते, म्हणून त्या चुकांचीही शिस्तीनं तपासणी करायची. त्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. मीही घ्यायचो.

तीन गोष्टी झाल्या. मागं वळून पाहिलं तर तिन्हींत एकच चूक आहे. पहिल्यांदा मी म्हणालो 'व्हायरस'. दुसऱ्यांदा शेजारी म्हणाले 'नजर'. तिसऱ्यांदा मी म्हणालो 'भास'. नजर म्हणणाऱ्यांना आपण अंधश्रद्धाळू म्हणतो, हसतो. पण माझा 'व्हायरस' आणि माझा 'भास' काय वेगळे होते? शब्द आधुनिक होते, एवढंच. तिघांनीही न बघता नाव दिलं. नाव दिलं की शोध घेतल्यासारखं वाटतं आणि मग कुणी बघत नाही. यातला 'भास' सगळ्यात वाईट, कारण तो शब्द सांगणाऱ्याचं तोंड बंद करतो. आजींचं लिंबू बाजूला काढता आलं. अब्बांना मी गप्प केलं ते पाच आठवड्यांनी कळलं.

घरी कुणी म्हणालं, मला असं दिसतंय, असं होतंय, असं वाटतंय, तर ती तक्रार खरी धरून सुरुवात करा. कारण चुकीचं असेल, जागा चुकीची असेल, पण त्याला काहीतरी दिसतंय हे खरं असतं. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कुठं दिसतंय, दाखव.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. अब्बा अजून अर्ज भरतात. अक्षर मोठं करून, डाव्या डोळ्यानं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. जरा चाचरतच म्हणाले, "बाळा, स्क्रीनवर डाग दिसतोय." मी दुकानाचं शटर ओढलं आणि पन्नासेक किलोमीटर गाडी मारत इंदापूरला गेलो. भिंतीकडं बघायला लावलं, डाग नाही. एक डोळा झाकला, मग दुसरा. डाव्यानं डाग स्क्रीनवरच, जागच्या जागी. नजर फिरवली तरी हलला नाही. मी जवळ जाऊन बघितलं. डाळिंब सोलताना रसाचा थेंब उडाला होता.

फडकं किंचित ओलं केलं आणि पुसला. अब्बा म्हणाले, "एवढ्यासाठी आलास?"

मी म्हणालो, "हो, एवढ्यासाठीच."